संबंधित मजकूर

विपुलनं दाढेखाली लवंग दाबून धरली आणि मोकळ्या हातानं मोबाइलवर टाइप केलं, 'अकोला रूट कॅनल'. तेल्हाऱ्यातल्या एका कृषी केंद्राच्या ओट्यावर, रिकाम्या पोत्याची घडी करून तो बसला होता. आत दुकानाचे मालक खुशालराव एका गिऱ्हाइकाला हरभऱ्यावरच्या अळीचं औषध समजावून सांगत होते. लवंग त्यांनीच घरातून मागवून दिली होती.

"दुखून राहिली का अजून?" त्यांनी आतूनच विचारलं.

विपुलनं नुसती मान हलवली. तोंड उघडलं की कळ थेट कानात शिरत होती.

यादीतल्या वरच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. दवाखान्याचा पत्ता मिळेल असं वाटलं होतं. उघडला एक लेख. 'रूट कॅनलची भीती वाटते? माझा अनुभव वाचा.' आरोग्यविषयक कुठलीशी वेबसाइट होती, बाजूला योगासनांची चित्रं. फोन नंबरच्या शोधात तो भराभर खाली गेला तेव्हा लेखाच्या शेवटी नाव दिसलं. पौर्णिमा गावंडे.

नाव त्याच्या बायकोचं होतं.

पौर्णिमा घरी बसून अमरावतीच्या कुणा कुलदीपच्या ऑफिससाठी काहीबाही लिहिते, एवढं त्याला माहीत होतं. काय लिहिते ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. बियाण्याच्या कंपनीत त्याच्याकडे तेल्हारा, अकोट आणि बाळापूर हे तालुके होते. सकाळी मोटरसायकलला किक मारायची, दुकानं आणि शेतं पालथी घालायची, अकोल्याला घरी यायचं ते जेवायला आणि झोपायला. मधल्या वेळात बायको कॉम्प्युटरसमोर काय करते याचा विचार करण्याची वेळच आली नव्हती.

आता तो वरपासून वाचू लागला.

'खुर्चीत बसण्याआधी मी पर्स यांच्याकडे दिली. बाहेर येऊन पाहते तर हे बाकावर बसलेले, माझी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून; जणू कुणी तान्हं मूल सांभाळायला दिलंय. शेजारी काचेच्या पेटीत मासे फिरत होते, पण यांची नजर दाराला चिकटलेली. घरी आल्यावर यांनी भात ताकात मऊ कालवला. माझा अर्धा चेहरा बधिर होता. मी काही बोलू लागले की हे म्हणायचे, आज तू फक्त ऐकायचं.' त्याच्या पुढच्या वाक्यातले 'अकोल्यातले विश्वासू दंतचिकित्सक' हे शब्द तेवढे निळे होते.

विपुलनं ते पुन्हा वाचलं. पौर्णिमाचं रूट कॅनल झालं होतं ही गोष्ट खरी. पण त्या दिवशी तो अकोटला शेतकरी मेळाव्यात होता. ती ऑटोनं गेली होती आणि ऑटोनंच परत आली होती. संध्याकाळी तिचा सुजलेला गाल पाहून त्यानं 'झालं का?' असं विचारलं होतं, आणि तिनं मान डोलावली होती. ताकभात त्याला आठवत नव्हता. त्यानं तो आयुष्यात कुणाला कालवून दिलेला नव्हता.

मग पर्स कुणाच्या मांडीवर होती?

"दुसरी लवंग देऊ का?" खुशालराव दारात येऊन उभे राहिले. तोंडातली लवंग केव्हाच चावून गिळली गेली होती, आणि ती तिखट लागल्याचंही विपुलला कळलं नव्हतं.

संध्याकाळी कौलखेडच्या घरी पौर्णिमानं त्याच्यासाठी भाकरी दुधात कुस्करून ठेवली. त्यांची मुलगी खुशी शेजारी बसून गणितं सोडवत होती. विपुल चमच्यानं एकेक घास सरकवत राहिला.

"तुह्या दाढेच्या वेळी," तो म्हणाला, "तुह्यासंगं कोण आलं होतं दवाखान्यात?"

"कोणी नाही. एकटीच तं गेली होती मी."

"एकटीच?"

"हाव. काऊन?"

"काही नाही. तसंच."

पौर्णिमानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खुशीची वही पुढं ओढली. "त्याच डॉक्टरकडे जा उद्या. हात हलका आहे त्याचा. मी येऊ का संगं?"

"कशाले? मी काय लहान पोरगा आहो?"

दुसऱ्या दिवशी तो त्याच दवाखान्यात गेला. आपला नंबर येईपर्यंत भिंतीजवळच्या बाकावर बसला. माशांची पेटी कुठंच नव्हती. काउंटरवरच्या मुलीला विचारावं असं त्याच्या मनात आलं, की माझी बायको इथं आली होती, तिच्यासोबत जो माणूस होता तो दिसायला कसा होता? पण असं विचारणाऱ्याकडे ती कशा नजरेनं पाहील ते त्याला आधीच दिसलं. पेटी हलवली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. मासे मेले असतील.

दाढ बरी झाली. दुसरंच दुखणं मागं लागलं.

तो पौर्णिमाचं नाव टाकून शोधू लागला. कुठल्या बांधावर, कुठल्या टपरीवर, बाळापूरच्या बसस्टँडसमोर मोटरसायकल उभी करून तो वाचायचा. लेख पुष्कळ निघाले, दर वेळी वेगळ्याच वेबसाइटवर, आणि प्रत्येकात तो माणूस होता. नाव कुठंच नव्हतं. पौर्णिमा त्याला फक्त 'हे' म्हणायची.

अमरावतीच्या एका साडीच्या दुकानात 'हे' तिच्यासोबत दुपारभर बसले होते. गठ्ठ्यांमागून गठ्ठे उलगडले गेले तरी यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी एका हिरव्या साडीवर हात ठेवून म्हणाले, 'ही नेसलीस की हरभऱ्याला घाटे लागल्यासारखं वाटेल.' चिखलदऱ्याच्या एका होमस्टेवर धुक्यात तिचे कान गारठले तेव्हा यांनी स्वतःचा मफलर काढून तिच्या डोक्याला बांधला, तोही गाठ चुकवून, आणि दिवसभर ती गाठ तशीच राहिली. विपुल तिथं अडकला. चिखलदऱ्याला न्यायचं तो लग्नापासून म्हणत होता. दर थंडीत काहीतरी निघायचं, कधी विक्रीची बैठक, कधी खुशीची परीक्षा. मागच्या थंडीत मात्र पौर्णिमा ट्रेनिंग आहे म्हणून अमरावतीला गेली होती आणि मुक्कामाला राहिली होती. मावसबहिणीकडे, असं म्हणाली होती.

आणि मग गादीचा लेख. 'पाठदुखी असणाऱ्यांनी गादी कशी निवडावी.' दुकानात मांडलेल्या गादीवर दोघं शेजारी शेजारी आडवी झाली होती. सेल्समन माहिती सांगत असताना यांना खरोखरच डोळा लागला. ती हसू दाबत तशीच पडून राहिली, यांना उठवावंसं वाटेना म्हणून.

विपुल त्या दिवशी घरी आल्यावर बूट न काढता झोपायच्या खोलीत गेला आणि पलंगावरची चादर उचलून पाहिली. लग्नात मिळालेली कापसाचीच गादी होती, मध्ये खड्डा पडलेली. म्हणजे नवी गादी दुसऱ्याच कुणाच्या घरी पडली होती.

"काय शोधून राहिले?" मागून पौर्णिमा म्हणाली.

"चाबी."

"हातात तं आहे तुमच्या."

दिवसातून एकदा तरी तिला कुलदीपचा फोन यायचा. ती आतल्या खोलीत जाऊन बोलायची. पूर्वीही तशीच बोलायची, पण आता विपुलला टीव्हीचा आवाज कमी केल्याशिवाय राहवेना. "हो सर… नाही, उद्यापर्यंत देते… यांचं राहू द्या ना सर." एकदा त्यानं एवढं नेमकं ऐकलं. यांचं म्हणजे कुणाचं? त्या माणसाला तिनं 'हे' म्हणावं, हेच त्याला सगळ्यात झोंबत होतं. त्याच्याविषयी बोलताना ती 'खुशीचे पप्पा' म्हणायची, गॅसवाल्यासमोर 'साहेब घरी नाहीत' म्हणायची. 'हे' तिनं कधी म्हटल्याचं आठवत नव्हतं.

अकोटला जातो असं सांगून एक दिवस त्यानं गाडी उलट्या दिशेला घातली आणि अमरावती गाठली.

कुलदीपचं ऑफिस राजापेठेत एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर होतं. जिना चढताना विपुलनं काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पहिलं वाक्य शिवीनंच सुरू होत होतं. वर दोन मुली कॉम्प्युटरवर काम करत होत्या आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी एक जाडसर माणूस गुडघ्याला पट्टा बांधून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसला होता. पुढ्यात द्रोणात गिला वडा होता. शर्टावर दही सांडलं होतं आणि तो ते बोटानं पुसत होता.

मफलर बांधणारा माणूस म्हणून विपुलनं जो मनात उभा केला होता त्याच्याशी याचं काहीच जुळत नव्हतं.

"मी विपुल गावंडे. पौर्णिमाचा…"

"अरे!" कुलदीप पट्ट्यासकट उठून उभा राहिला. "अरे साहेब! तुमी? या, या, बसा. कावेरी, पानी दे गं. अन् चा सांग." त्यानं विपुलचा हात दोन्ही हातांत धरला. हाताला दह्याचा वास होता. "म्हंजे तुमीच ते!"

"कोण ते?"

"ताईच्या लेखातले. पर्सवाले! गादीवर झोपनारे!"

विपुल खुर्चीत बसला.

"ते… ते लेख," तो म्हणाला, "ते कशासाठी असते नेमकं?"

"ताईनं सांगतलं नाही?" कुलदीपनं द्रोण बाजूला सारला. धंद्याचं कुणी विचारलं की तो खुलत असावा. "हे पाहा. गादीवाल्याले गूगलात वर यायचं असते. त्यानं आपली वेबसाइट कितीबी सजवली, तरी गूगल म्हनते, बाबू, तू तं सोताले चांगला म्हनशीनच, दुसरं कोनी म्हनते का? मंग दुसऱ्याच्या वेबसाइटवर त्याचं नाव यावं लागते. निळ्या अक्षरात. त्याच्यावर बोट ठेवलं की गादीवाल्याचं दुकान उघडलं पाहिजे. तिले लिंक म्हनते. अशा लिंका आमी गिऱ्हाइकाले विकत घेऊन देतो. हाच आपला धंदा."

"मंग नुसतं नाव टाकायचं."

"चालत होतं पहिले. आता गूगल शहानं झालं. बुटाच्या पानावर गादीची लिंक दिसली की वळखते, हे विकतचं हाय. आजूबाजूचा मजकूर त्याच विषयाचा पाहिजे. संबंधित मजकूर. अन् वाचून असं वाटलं पाहिजे की खऱ्या मानसानं आपल्या मनानं लिवलं. तिथंच तं ताईचा हात कोनी धरू शकत नाही. चार निळ्या शब्दांसाठी बाई पुरा संसार उभा करते साहेब!"

चहा आला. विपुलनं कप उचलला, पण प्यायला नाही.

"ती गेली होती का पण तिथं? चिखलदऱ्याले?"

कुलदीप हसला. "हे मलेच इचारता? तुमाले ठाऊक." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी एकदा म्हटलं होतं ताईले, मिस्टर जरा कमी करा, आपल्याले गादी विकायची हाय. तं म्हने, ते संगं नसले तं मले दुकानात शिरताच येत नाही सर. मंग मी नाद सोडला. वाचते कोन म्हना! मशीन वाचते अन् आमची शालू वाचते. बायको माझी. रोज टोमने. पाहा म्हने, असा असते नवरा. गुडघा दुखते म्हटलं तं म्हने, पर्स धरायले गुडघा लागत नाही."

बाजूच्या दोन्ही मुली खाली मान घालून हसत होत्या. त्यांतल्या एकीनं हळूच विपुलकडे पाहून घेतलं.

"अन् ते हरभऱ्याचं," कुलदीप म्हणाला. "घाटे लागल्यासारखी! तेव्हाच मी समजलो, हे बाईच्या डोक्यातलं नाही. बियान्याच्या मानसालेच असं सुचते. खरं ना?"

विपुलनं गरम चहाचा घोट घेतला. जीभ पोळली.

"हाव," तो म्हणाला.

निघताना कुलदीपनं शालूला दाखवायला म्हणून त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. गळ्यात हात टाकून. "हसा की साहेब," तो म्हणाला, आणि विपुल हसला.

सुटल्याचा आनंद मूर्तिजापूरपर्यंत टिकला. तिथं रस्त्याकडेच्या हॉटेलात तो थांबला. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेनं पांढरे पुंजके उडत होते. कुणी नव्हतं. पर्स कुणाच्या मांडीवर नव्हती, गादी कुणाच्या घरी गेली नव्हती. पौर्णिमा अमरावतीला मावसबहिणीकडेच राहिली होती. आपण किती मूर्ख, असं म्हणून त्यानं एक आलूबोंडा मागवला, आणि तो खाता खाताच त्याच्या लक्षात आलं की पोटातली आग विझलेली नाही.

खरा माणूस असता तर त्याची कॉलर धरता आली असती. त्यालाही एखादा दिवस उशीर झाला असता, त्याच्याही तोंडाला वास आला असता, त्याचाही कधीतरी तिला कंटाळा आला असता. या माणसाला टार्गेट नव्हतं, साहेब नव्हता, पंक्चर होणारी गाडी नव्हती. तो थकत नव्हता. तो फक्त तिच्यासोबत दुकानात शिरायचा आणि तिच्याकडे पाहत राहायचा. त्याच्याशी कशाच्या बळावर भांडायचं?

विपुलनं मग जे सुचलं ते केलं. शोधून शोधून त्या माणसाचे उरलेले लेख वाचले, जसा तो दुसऱ्या कंपनीच्या वाणाचा प्लॉट निरखून यायचा तसा. संत्राबर्फीच्या लेखात 'हे' संत्र्याच्या फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढून द्यायचे. विपुलनं संत्री आणली. जेवणानंतर ताटलीत सोलून, एकेक शीर नखानं ओढून, फोडी पौर्णिमापुढं सरकवल्या.

"तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली.

"काऊन? संत्री नाही सोलू का?"

तिनं एक फोड खाल्ली. खुशीनं दोन. बाकीच्या सकाळपर्यंत ताटलीत वाळून गेल्या.

तो लवकर घरी येऊ लागला. तिला भाजी आणायला जायचं असलं की गाडी काढू लागला. एकदा डाळीच्या दुकानात तिनं पैसे काढायला पर्स उघडली तेव्हा त्यानं ती तिच्या हातातून घेतली आणि धरून उभा राहिला. पौर्णिमानं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. विपुलला ते आवडलं. आपण थोडे पुढं सरकलो असं त्याला वाटलं, आणि रविवारी त्यानं तिला अमरावतीला साडी घ्यायला चल म्हटलं.

"आता? सण ना वार."

"सण कशाले पाहिजे? तुले घ्यावशी वाटली मले."

दुकान तेच होतं, लेखातलं. पौर्णिमा पाटीखाली क्षणभर थबकली, मग चपला काढून आत गेली. विपुल तिच्या शेजारी बैठकीवर मांडी घालून बसला. सेल्समननं गठ्ठे उलगडले. विपुलनं मनगटावरचं घड्याळ आधीच काढून खिशात ठेवलं होतं. पौर्णिमा हळूहळू रमली. एक मोरपंखी तिनं गालाजवळ धरून आरशात पाहिली, दुसरी बाजूला काढली, सेल्समनशी काठावरून हुज्जत घातली. किती दिवसांनी ती अशी बोलत होती. विपुल तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्या वेळी त्याला कुणाची आठवण नव्हती.

मग गठ्ठ्यातून एक हिरवी निघाली. मळकट, कोवळी, नेमकी तीच. विपुलनं तिच्यावर हात ठेवला.

"ही घे," तो म्हणाला. "हरभऱ्याले घाटे लागल्यासारखी दिसशीन."

पौर्णिमाचा हात जिथं होता तिथंच राहिला. सेल्समन हसला, "वा साहेब, काय बोललात!" म्हणाला, आणि पदर उलगडून तिच्या खांद्यावर टाकायला पुढं झाला. तिनं तो हळूच बाजूला केला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानांपर्यंत लाल झाला. चारचौघांत कुणी तिच्या डोक्यावरचा पदर ओढावा तशी ती बसून होती.

"चला," ती म्हणाली.

"साडी?"

"नको."

परतताना ती रागावलेली दिसत नव्हती. मूर्तिजापूरला चहा घ्यायला थांबली, खुशीसाठी चिवडा घेतला. विपुलनं दोनदा तोंड उघडलं. मी वाचलं, चुकून वाचलं, दाढ दुखत होती म्हणून वाचलं, असं काहीतरी सांगायचं त्याच्या मनात होतं. पण कुलदीपच्या ऑफिसात 'हाव' म्हटल्याचं त्यात कुठं बसवायचं ते त्याला कळेना.

त्यानंतर घर पहिल्यासारखं चाललं. पौर्णिमा डबा भरून द्यायची, कुलदीपचा फोन यायचा, ती आत जाऊन बोलायची. विपुल पुन्हा तालुक्यांना जाऊ लागला. न वाचण्याचं त्यानं ठरवलं होतं. ते ठरवणं बाळापूरच्या एका झाडाखाली, डबा खाऊन झाल्यावर मोडलं.

नवा लेख प्रवासी बॅगांच्या दुकानासाठी होता. तो नेहमीप्रमाणे त्या माणसाची वाट पाहत खाली सरकू लागला.

'खिडकीची जागा मिळाली. शेजारची रिकामी होती, तिच्यावर मी बॅग ठेवली. कंडक्टरनं विचारलं, एकच का? मी म्हटलं, एकच. गाडी घाटाला लागली तसं धुकं आत येऊ लागलं. कान गारठले. काच लावून घ्यावी की राहू द्यावी याचा मी पुष्कळ वेळ विचार केला आणि राहू दिली.'

पुढं ती उतरली, बॅग स्वतःच्या खांद्याला लावून चढण चढली, एका टपरीवर रबडी खाल्ली, दुसरी मागवली. कडेला उभी राहून दरीत मोठ्यानं आपलंच नाव घेतलं. विपुलनं लेख शेवटपर्यंत नेला. निळे शब्द आले आणि गेले. 'हे' एका ठिकाणी दिसलं म्हणून त्याचं बोट थांबलं, पण ते वाक्य 'हे कुलूप मजबूत आहे' असं होतं.

तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा वाचत खाली आला. माणूस कुठंच नव्हता. त्याचा मफलर नव्हता, त्याची चुकलेली गाठ नव्हती. विपुलला आनंद व्हायला हवा होता. शेजारचं बिऱ्हाड एका शब्दानंही न सांगता उठून जावं आणि सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसावं, तसं त्याला वाटत राहिलं. दुपारच्या दोन दुकानांच्या भेटी त्यानं रद्द केल्या.

घरी आला तेव्हा पौर्णिमा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. खुशी खेळायला गेली होती. विपुलनं बूट काढले आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसला. एक शेंग उचलली, सोलली, दाणे वाटीत टाकले.

"ते बॅगवालं वाचलं," तो म्हणाला.

"हं."

"चांगलं आहे."

"कुलदीप सरबी तेच म्हणत होते."

विपुलनं आणखी एक शेंग सोलली.

"त्यात ते नाहीत," विपुल म्हणाला.

"कोण?"

"ते. तुह्या… लेखातले ते."

एका शेंगेतून अळी निघाली, ती पौर्णिमानं बोटानं उडवली. शेंगेचे बाकीचे दाणे चांगले होते, ते निवडून घेतले.

"नाहीत," ती म्हणाली.

"काऊन?"

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं ती बोलली.

"तुमी वाचायले लागले ना."

विपुलनं हातातली शेंग सोलली. ती पोचट निघाली, तरी त्यानं ती टरफलांत न टाकता मुठीतच ठेवली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. कुलदीपचं नवं काम आलं होतं. तिनं पदराला हात पुसले, "तेवढ्या शेंगा सोलून घेजा," म्हणाली आणि आत गेली.

तो सोलत बसला. आतून की-बोर्डचा आवाज सुरू झाला, काही वेळ सलग चालला, मध्येच थांबला. विपुलचे हातही थांबले. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश. ती आता कुठं निघाली होती, आणि कुणाबरोबर, ते बाहेर बसून कळण्यासारखं नव्हतं.